‘अन्नाशी कसला खेळ?’ असं विचारणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

लहान मुलांसाठी घरच्या घरी रंगीत तांदूळ कसे करायचे, या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तीत राग आहे, पण नुसता राग नाही, म्हणून ‘धन्यवाद’ म्हणून मोकळी होत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्या विदर्भात शेतकरी पिकवता पिकवता मोडून पडतो तिथं तांदूळ रंगवून पोरांना सांडायला देणं म्हणजे अन्नाचा अपमान, असं तुम्ही म्हणता. रंगातलं विष पोटात जाईल, ही तुमची दुसरी भीती. आणि गावात माती, रेती, धानाचे ढीग असताना ही शहरातली थेरं कशाला, हा तिसरा सवाल. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘मग तो तांदूळ उकिरड्यावरच जाणार ना?’

अन्नाचं आधी बोलू. आमचं घर भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात, दारातून बांध्या, म्हणजे धानाची खाचरं दिसतात. रोवणीला मी स्वतः चिखलात उतरते, त्यामुळे दाण्याची किंमत मला कोणी समजावून सांगावी लागत नाही. तुमचा मुद्दा रास्तच आहे. म्हणूनच अक्षतांचा दाखला देऊन मी तुमचं तोंड बंद करणार नाही. लग्नात पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या अक्षता मलाही खुपतात. एक चूक दाखवून दुसरी बरोबर ठरत नाही.

पण हिशेब तरी बघा. लेखात मी दोन वाट्या म्हटलं आहे, दोन पायल्या नाही. आणि तीही कनकी, म्हणजे तुटका तांदूळ. सरकारी भरडाईच्या हिशेबात एक क्विंटल धानाचा ६७ किलो तांदूळ धरतात, बाकी कोंडा आणि तूस. त्या तांदळात जी कनकी निघते ती आमच्याकडे पिठाला आणि कोंबड्यांना जाते. तीही अन्नच, नाकारत नाही. मात्र रंगवून नीट वाळवलेल्या त्या दोन वाट्या घट्ट झाकणाच्या डब्यात महिनोन् महिने टिकतात. खेळ झाला की खाली अंथरलेली चादर उचलायची, चाळायचं, परत डब्यात. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचाही जीव वरखाली झाला होता. ‘काहून गा, तांदूळ का सांडून राह्यला?’ असं नातवाला विचारलं त्यांनी. आता सांडलेला दाणा वेचायला त्याच बसवतात त्याला. दोन बोटांच्या चिमटीत एकेक दाणा धरून डब्यात टाकणं हे त्या वयाला खेळाइतकंच आवडतं, हे तेव्हा लक्षात आलं. अन्नाला पोराचा हात लागू न देणं म्हणजे अन्नाचा मान, असं मला वाटत नाही. रेशनचा तांदूळ मात्र यासाठी काढू नका, तो ताटासाठी आहे. (जाता जाता: त्यात वेगळे दिसणारे दाणे आले तर ते प्लास्टिकचे नसतात. लोह वगैरे मिसळलेले ते पोषणाचे दाणे असतात, शंभराला एक या प्रमाणात घातलेले. निवडून फेकू नका.)

रंगाबद्दल मात्र तुमची भीती मला तुम्ही मांडलीत त्यापेक्षाही मोठी करून सांगायची आहे. बाजारात पुडीतून सुटा मिळणारा भडक गुलाबी, पिवळा ‘मिठाईचा रंग’ घरात आणूच नका. त्यात काय असेल याचा भरवसा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुद्दुचेरी आणि तमिळनाडूनं म्हातारीचे केस (साखरेचा गुलाबी कापूस) विकायला बंदी घातली, ती त्यात कापडाला लावायचा ऱ्होडामाइन-बी हा रंग सापडला म्हणून. होळीचा रंग नको, रांगोळी नको. शेंदूर तर अजिबात नको, तो शिशापासून बनतो. दुकानातलं कुंकूही टाळा. घ्यायचाच तर सीलबंद बाटलीतला, परवाना क्रमांक छापलेला खाद्यरंग घ्या. एका वाटीला लहान चमचाभर व्हिनेगर आणि रंगाचे चार-पाच थेंब. झाकण लावून डबा हलवायचा आणि परातीत पातळ पसरायचं. व्हिनेगरनं रंग दाण्याला धरतो, हाताला कमी लागतो. नसेल तर लिंबाचा रस चालतो. पाणी मात्र घालू नका. दाणा ओला झाला की फुगतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला बुरशी यायला वेळ लागत नाही. मे महिन्यात हेच काम तासाभरात उरकतं. श्रावणात पंख्याखाली रात्रभर ठेवूनही मुठीत धरून पाहा, दाणे चिकटले तर अजून वाळले नाहीत.

आमच्या घरी मी बाटलीपेक्षा हळदच जास्त वापरते, कारण अक्षता करण्याचा हात घरात सगळ्यांना आहे. पण ‘नैसर्गिक’ म्हटलं की निर्धास्त, असंही नाही. सुट्या हळदीला पिवळेपणा यावा म्हणून शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार उघडकीला आले आहेत. हळकुंड आणून दळलेली हळद बरी. तुम्ही वर्धा जिल्ह्यातले, म्हणजे २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली वायगावची हळद तुमच्याच दारची. हळदीचे थोडे दाणे वेगळे काढून त्यावर खाण्याच्या सोड्याचं थेंबभर पाणी चोळलं की ते लालसर होतात. ही जादू पोरांसमोर करायची, सोडा मात्र मोठ्यांच्या हातात. काही जण इथं चुना सुचवतात, तो नको. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. आणि आता बोललेच आहे तर बोलते: ज्या घरांत खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) चुन्याची डबी पोराच्या हाताला लागेल अशी पडलेली असते, त्या घरांत मला रंगीत तांदळाच्या धोक्यावर प्रवचन ऐकावं लागलं आहे. हे तुम्हाला उद्देशून नाही. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा फुलं उकळून, पाणी चांगलं आटवून केशरी रंगही निघतो. फिका असतो आणि उन्हात उडतो, म्हणून सावलीत वाळवायचं.

आता धोका. तुम्ही पोटाचं म्हणालात, मला नाक-कान जास्त भिववतात. दोन वर्षांचं पोर दाणा नाकात घालून बघतंच. तांदूळ बारीक असल्यानं शिंकेबरोबर निघण्याची शक्यता तरी असते. वाटाणा, हरभरा, राजमा नाकातल्या ओलाव्यानं फुगून अडकतात. म्हणून ‘तांदूळ महाग, हरभरे देऊ का’ असं ज्या ताईंनी विचारलं होतं त्यांना मी स्पष्ट नाही म्हटलं. नाकात काही गेलंच तर चिमट्यानं ओढू नका, आत सरकतं. सरळ दवाखाना गाठा. आणि जे लेकरू अजून सगळं तोंडात घालतं त्याच्यापुढे कच्चा तांदूळ ठेवायचाच नाही, रंगीत असो की पांढरा. त्याला कणकेचा मऊ गोळा द्या, नाहीतर गार भात चिवडू द्या. मोठं माणूस शेजारी बसणार नसेल तर डबा फळीवरच राहू द्या. ‘पोर गुंतून राहतं, तेवढ्यात स्वयंपाक होतो’ म्हणून कोणी हा खेळ मांडत असेल तर माझा सल्ला नाही म्हणून समजा.

शहरी थेरांचं मात्र मला पटलं नाही. मुलांना परिसरातल्याच वस्तूंनी शिकवावं हे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत करून दाखवलं. ओतणं, भरणं, निवडणं हे मुलाचं काम आहे असं माँटेसरीबाई सांगत होत्या, आणि त्यांनाही आपल्या घरातलं सूप, माप, गाळणी पाहून नवल वाटलं नसतं. मी फक्त रंग घातला, तोही लाल-पिवळा वेगळा करायला पोराला आवडतं म्हणून. त्यानं बुद्धी वाढते वगैरे मी कुठंही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. वाटीतून वाटीत ओतताना मनगट वळतं, चिमटीला जोर येतो, आणि ‘भरलं’, ‘रिकामं’, ‘सांडलं’ हे शब्द तोंडी येतात. पुरे आहे तेवढं.

रेती असेल तर रेतीच द्या, भाऊ, मी कशाला आड येऊ? पण जुलैत आमच्या अंगणात रेती नसते, चिखल असतो, आणि कोपऱ्यातल्या लाकडांखाली विंचू. घरातली सगळी रोवणीला, घरी एक आजी आणि एक पोट्टं. तेव्हा दिवाणखान्यातली चादर बरी. धानाच्या ढिगाचं म्हणाल तर मीही त्यात लोळले आहे, पण त्याचं कूस अंगाला खाजतं आणि डोळ्यात गेलं की पोर रात्रभर चोळत बसतं. उधळलेली कनकीही डोळ्यात जाते, म्हणून रंगवण्याआधी चाळून पीठ काढून टाकायचं, हे लेखात होतंच.

राहिला उकिरडा. हो, दाण्यांचा रंग उडाला, ओल लागली की ते जातात. हळदीचे कोरडे, बुरशी न आलेले असले तर कोंबड्यांपुढे टाकते. खाद्यरंगाचे शेणखताच्या खड्ड्यात, तिथून पुढच्या वर्षी बांधीतच येतात. गुरांच्या गव्हाणीत मात्र ओतू नका. कच्चा तांदूळ एकदम जास्त गेला तर जनावर आजारी पडतं, दोन वाट्यांनी नाही पडणार, पण ती सवय नको.