प्राप्त झाले

नेरुळला फ्लॅट बघायला आलो तेव्हा ब्रोकर म्हणाला होता, साहेब खाली सगळं मिळतं. खोटं नव्हता बोलत. तेव्हा खाली एक झेरॉक्सवाला, एक केमिस्ट आणि फॉल-पिको करणाऱ्या एक ताई होत्या आणि साडेनऊ वाजले की तिघंही शटर ओढून गपगुमान घरी जायचे. मग झेरॉक्सवाल्याने गाळा भाड्याने दिला आणि तिथे चायनीज आलं. आमची बेडरूम पहिल्या मजल्यावर, बरोब्बर त्याच्या डोक्यावर.

चायनीजवाल्याचा दिवस रात्री अकराला उजाडतो हे मला माहीत नव्हतं, आता इतकं माहीत झालंय की अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून ऑर्डर सांगतो. फ्राइड राइस असेल तर कढईवर पलटा एका लयीत टण टण टण, मंचुरियन असेल तर मध्ये जरा दम खातो, आणि ट्रिपल शेजवान असलं की अख्खं ढोल पथक. मिरची तेलात पडली की वरती आम्ही झोपेत शिंकतो, आधी बायको मग मी, हा क्रम आजवर चुकलेला नाही.

पण ते सगळं परवडलं. खरा वैरी म्हणजे पेमेंटचा तो डबा. "दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले." चायनीजवाल्या पोराने डबा मराठीत लावून घेतलाय, याचं दिवसा मला कौतुकच आहे. पण रात्री पाऊण वाजता ती बाई इतक्या प्रसन्न आवाजात "एकशे दहा रुपये प्राप्त झाले" म्हणते की वाटतं आपल्यालाच मिळाले. मग डोकं आपोआप बेरीज करायला लागतं, दोनशे चाळीस आणि एकशे दहा साडेतीनशे, वर एकशे ऐंशी... पावणेदोनला शटर पडतं तेव्हा माझा हिशोब पूर्ण झालेला असतो आणि झोप पूर्ण उडालेली.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, अहो वर्दळ असते म्हणून तर आपल्याकडे चोऱ्या होत नाहीत. सातव्या मजल्याने विचारलं, आवाज? कसला आवाज?

मग अर्ज घेऊन मीच महापालिकेच्या एका ऑफिसात गेलो. टेबलावरच्या माणसाने एकच प्रश्न विचारला, तक्रार टायमिंगची की जागेची? म्हटलं झोपेची. तर म्हणे दुकानांच्या वेळा कामगार खात्याकडे, आवाज पोलिसांकडे, आमच्याकडे फक्त मार्जिनल स्पेस. म्हणजे दुकानाबाहेरच्या मोकळ्या जागेत टेबल-स्टूल मांडले असतील तर ते आम्ही उचलू. मांडलेच होते. चार दिवसांनी खरंच गाडी आली, सहा स्टूल आणि एक टेबल उचलून नेलं, मी खिडकीतून बघत होतो आणि खोटं कशाला बोलू, मनातून जाम खूश होतो. दुसऱ्या दिवशी त्याने नवीन स्टूल आणले. आधीचे प्लास्टिकचे होते, हे लोखंडी. पेव्हर ब्लॉकवर लोखंडी स्टूल सरकवला की काय आवाज येतो ते लिहिता येत नाही, दात शिवशिवतात एवढंच सांगतो.

झोप नाहीच तर म्हटलं कायदा वाचू. १९४८ चा जुना दुकान कायदा जाऊन २०१७ चा नवा आला, त्यात दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला मोकळीक आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने जीआर काढून परत एकदा सगळ्यांना बजावलं की बाबांनो यांना अडवू नका. अपवाद परमिट रूम, बियर बार, हुक्का पार्लर वगैरे मंडळी, त्यांना वेळेचं बंधन. आता आमचा पोरगा थेंबभर दारू ठेवत नाही. ठेवली असती तर कायद्याने वेळेवर बंद तरी करावं लागलं असतं. सज्जन माणूस शेजारी असण्याचा हा असा त्रास. त्याच कायद्यात कामगाराला आठवड्यातून एकदा सलग चोवीस तास सुट्टी आहे, वरच्या मजल्याबद्दल एक ओळ नाही.

उरला आवाज. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि राहत्या वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. नुसता हॉर्न वाजवायलाही बंदी आहे म्हणे, हे डिलिव्हरीवाल्या पोरांना कोणी सांगायचं ते मात्र लिहिलेलं नाही. मोबाइलवर मोजायचं ॲप घेतलं. खिडकी उघडी, ६३. आला हातात पुरावा! खिडकी लावली, ५२. पंखा बंद केला, ४४. म्हणजे आमचा पंखाच बेकायदा निघाला. मे महिन्यात घाम पुसत मी कायदेशीर शांतता ऐकत पडलो, आणि सकाळी बायकोने ॲप पुढे धरलं, तिने पहाटे तीनला माझं घोरणं मोजलं होतं. ५८. तो पुरावा मी कुठेच जोडला नाही.

एकदा ११२ पण लावला. दोघं बाइकवर आले, समजावून गेले, आणि पंधरा मिनिटं खरोखर शांतता झाली. तेवढ्यात पलीकडच्या सेक्टरमधलं कुत्रं ऐकू आलं.

परवा सकाळी दूध आणायला उतरलो तर पोरगा शटरपाशी वही घेऊन बसलेला, तोंड पडलेलं. जुन्नरकडचा आहे, असेल सव्वीस-सत्तावीसचा. मला बघून जरा चाचरला, कारण अर्ज कोणाचा होता ते त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी म्हणाला, "काका, राग नका मानू, पण तुम्ही जागे असता म्हणून विचारतो. काल रात्री गर्दीत माझं लक्ष नव्हतं, एक जण मोबाइल दाखवून गेला, आता हिशोबच लागत नाहीये. एकच्या सुमारास तीनशे वीस आले होते का हो?"

"तीनशे वीस आले," मी म्हणालो, "एक वाजून पाच मिनिटांनी. त्याच्या आधी दोन ट्रिपल शेजवान झाले बघ, त्याचे नाही आले."