आकडा फांदीचा असतो, गाठीचा नाही!

काल रात्री सव्वादोनला कळलं, माझ्या वंशवृक्षावरचा, म्हणजे कोणती जात कुणाच्या जवळची ते दाखवणाऱ्या झाडावरचा, ९८ हा खात्रीचा आकडा शेजारच्या फांदीवर जाऊन बसलाय आणि त्याच्या जागी ५१ आलाय, आणि त्या सॉफ्टवेअरनं साधी एक सूचना दिली नाही. मी केलं काय, तर आऊटग्रुपवर, म्हणजे तुलनेला घेतलेल्या लांबच्या जातीवर, झाडाचं मूळ (रूट) ठेवलं. एवढंच! चार पावसाळे राधानगरी, आंबोली करत, पायाला जळवा लावून घेत कंदीलपुष्पं गोळा केली, डीएनए काढला, सिक्वेन्सिंगला पैसे घातले आणि शेवटी बूटस्ट्रॅप, म्हणजे तोच खात्रीचा आकडा, भलत्याच फांदीवर. त्या खोट्या ९८ वर मी दीड पान लिहून बसले होते राव, मॅडमना पीडीएफ पण गेली होती. सकाळी फोन करून सांगताना अक्षरशः आवाज फुटेना.

अरे, १९८५ ला फेल्सेनस्टाइन या शास्त्रज्ञांनी झाडांसाठी बूटस्ट्रॅप आणला तेव्हापासून तो फांदीचाच आहे. फांदी तोडली की जातींचे जे दोन गट पडतात, त्या वाटणीचा तो आकडा. पण न्यूविक फाईलीत, म्हणजे झाड मजकूर म्हणून लिहून ठेवायच्या फॉरमॅटात, तो लिहायचा कुठं, तर गाठीच्या, म्हणजे फांद्या फुटतात त्या जागेच्या, नावाच्या जागी! रूट हलवलं की जुन्या रूटपासून नव्या रूटपर्यंतच्या वाटेवरच्या फांद्या उलटतात आणि आकडे तसेच गाठीला चिकटून राहतात. बाकी सगळं झाड बरोबर, म्हणून तर डोळ्याला कळत नाही. २०१७ ला यावर अख्खा पेपर आलाय, झाडं दाखवणारी २० टूल तपासली, त्यातली १४ तेव्हा तुम्हाला विचारतच नव्हती की हा आकडा फांदीचा का गाठीचा. १४! १९८६ साली न्यू हॅम्पशायरमधल्या मासळीच्या हॉटेलात बसून ठरलेला फॉरमॅट, नावसुद्धा त्या हॉटेलाचंच, आणि इतक्या वर्षांत ही एक गोष्ट कुणाला नीट करता येईना?

आणि नावांचं तर बोलूच नका. नमुन्याच्या नंबरात एक कोलन राहिला की फाईल उघडत नाही, कारण कोलननंतर त्याला फांदीची लांबी पाहिजे. एका सॉफ्टवेअरात रंगपट्ट्या झकास पण झाड सेव्ह करायला पैसे, दुसऱ्यात आकडे बरोबर पण जातीचं नाव तिरकं आणि नंबर सरळ करायचा तर ६२ नावं एकेक करून इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरात, तिथं नेलं की प्रत्येक अक्षर सुटं. लॅबमधले दादा म्हणतात आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा शीक, सगळं होतंय. शिकते की, पण सबमिशन पुढच्या सोमवारी आहे आणि वळीव आला की कोल्हापुरात राजारामपुरीत खोलीवर लाईट जाते.

मला रंग नकोत, गोल झाड नको. रूट हलवायच्या आधी एकदा विचारा, बाई हे आकडे कशाचे? बास.

आत्ता प्रिंट काढून ५९ आतल्या फांद्या मूळ फाईलशी पेन्सिलीनं ताडतेय. वाटेवरच्या तेवढ्या बघितल्या तरी चालतंय, पण माझा आता विश्वासच उडालाय. अकरा झाल्यात.