मज्जारज्जू परत "उगवला" नाही हो, जरा खुलासा

गोव्यातल्या डिचोली-साखळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय, स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञाने म्हणे तुटलेला मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातली नसांची जाड दोरी) परत उगवून पेशंटला चालवलं. अर्धं खरं, अर्धी फेकाफेक. लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठातले न्यूरोसायंटिस्ट (मेंदू-नसांचे शास्त्रज्ञ) ग्रेगुआर कुर्तीन, त्यांच्या टीमचा पेपर 2023 मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत आला, त्यातला नेदरलँडचा पेशंट खरंच चालला, जिनाही चढला, पण तुटलेली नस (मज्जातंतू) परत वाढली म्हणून नाही, मेंदूवर बसवलेले इलेक्ट्रोड चालायचा विचार पकडतात आणि वायरलेसने खाली कण्यातल्या स्टिम्युलेटरपर्यंत (मज्जारज्जूला विजेचे हलके झटके देणारं यंत्र) पोचवतात, म्हणजे बायपासच. शिवाय त्याचा मज्जारज्जू पूर्ण तुटलेलाच नव्हता, हे व्हिडिओवाल्याने बरोब्बर गाळलंय! सरावानंतर मशीन बंद असतानाही तो कुबड्यांवर चालू लागला हे मात्र खरं, आणि मला तरी तेच जास्त भारी वाटतं.

हाताची तुटलेली नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढू शकते, मज्जारज्जूत मात्र नोगोसारखी प्रोटीनं ती वाढ अडवतात. तेव्हा "माडावरून पडलेल्या पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) हे औषध कुठे मिळेल" विचारणाऱ्यांनो, हे औषधच नाही, कोण बाटली विकत असेल तर पैसे घालवू नका, फिजिओथेरपी सोडू नका. आणि कोण पडलाच तर उचलून रिक्षात कोंबू नका, मान-पाठ न हलवता 108 ला (ॲम्ब्युलन्सला) फोन करा.