शेवट आधीच माहीत असेल तर बघायचं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुरुंगातून पळण्यावरच्या दोन फ्रेंच चित्रपटांची मी तुलना केली होती; तुम्ही त्यावर प्रतिक्रिया चिडून लिहिली असलीत तरी ती मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तर जरा लांबतंय. तुमचे आक्षेप तीन: ‘अ मॅन एस्केप्ड’च्या (१९५६) नावातच शेवट फुटतो, मग ताण कसला; नाझींच्या कैदेतला प्रतिकार चळवळीतला लढवय्या आणि ‘ल त्रू’मधले (१९६०) पॅरिसचे गुन्हेगार मी एकाच रांगेत बसवले; आणि तुरुंगफोडीचा गाजलेला हॉलिवूडपट ‘शॉशँक’, त्याचा साधा उल्लेखही केला नाही. (पुढे सगळ्यांचेच शेवट येणार आहेत.)

नावाने शेवट फुटतो, कबूल. दिग्दर्शक ब्रेसाँनं तो मुद्दामच फोडलाय. ‘सुटेल का?’ हा प्रश्न मिटला की नजर हातांवर जाते: चमचा घासून केलेली पटाशी, दाराच्या फळ्यांमधले सांधे, पलंगाच्या तारा गुंडाळून वळलेला दोर. आणि खरा पेच शेवट माहीत असूनही सुटत नाही. नायक फाँतेनला मृत्युदंडाची शिक्षा होते आणि त्याच्या कोठडीत अर्धा जर्मन, अर्धा फ्रेंच गणवेश घातलेलं एक पोरगं आणून टाकतात. हा हेर आहे की काय? त्याला मारायचं की सोबत न्यायचं? फाँतेन त्याला नेतो. पुढे एका उंच भिंतीशी कळतं, एकटा असता तर तो तिथेच अडकला असता.

आता ‘ल त्रू’ आठवा. तिथेही आखलेल्या बेतात एक नवा कैदी येऊन पडतो, गास्पार. चौघं त्याला विश्वासात घेतात. तो आणि चौघांपैकी मानू गटारातून रस्त्यापर्यंत पोहोचतात, झाकण उचलून बाहेरचं पॅरिस बघतात आणि बाकीच्यांसाठी परत येतात! गास्पारला तेव्हाच पळता आलं असतं. मग त्याची बायको त्याच्याविरुद्धची तक्रार मागे घेते, तुरुंगाधिकारी त्याला बोलावून घेतो, आणि दात घासायच्या ब्रशला बांधलेल्या आरशाच्या तुकड्यात अचानक पहारेकऱ्यांनी भरलेला व्हरांडा दिसतो. नव्या माणसावर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न दोन्हीकडे एकच, उत्तरं उलटी. मी तुलना केली ती यासाठी. पात्रांना चारित्र्याचे दाखले वाटण्यासाठी नव्हे.

तरीही तुमचा दुसरा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. फ्रेंच प्रतिकार चळवळीतला देविन्यी १९४३ साली ल्योंच्या मोंल्युक तुरुंगातून खरोखर निसटला होता आणि ब्रेसाँचा चित्रपट त्याच्याच आठवणींवर आहे. ‘ल त्रू’ची कादंबरी लिहिणारा जोव्हानी ती ज्यावर बेतलीय, त्या तुरुंगातून पळण्याच्या १९४७च्या फसलेल्या प्रयत्नात स्वतः सामील होता. त्याच्यावर खुनाचा ठपका होता, जर्मन अंमलातलं त्याचं वागणंही स्वच्छ नव्हतं. हा मुद्दा तुम्ही मांडला असतात तर मला जास्त अडचणीचं झालं असतं. पण ‘ल त्रू’चा दिग्दर्शक बेकेर त्या माणसांना निर्दोष म्हणत नाही. त्यांनी काय केलं होतं, ते तो जवळजवळ सांगतच नाही. त्याला दिसतं ते काम: जमीन फोडण्याचा तो कित्येक मिनिटांचा न तोडलेला शॉट, आणि त्यात घाव घालणाऱ्यांपैकी एक, झाँ केरोदी, त्या खऱ्या प्रयत्नातलाच माणूस. ब्रेसाँ आणि बेकेर दोघंही युद्धात जर्मनांचे कैदी होते. कोठडीतल्या वस्तूंकडे इतकं रोखून बघणं तिथून आलं असावं, असा माझा तर्क.

‘शॉशँक’ गाळला त्याचं कारण सोपं आहे. तिथलं खोदकाम आपल्यापासून लपवलेलं असतं; नायक अँडी पळून गेल्यावर पोस्टरमागचं भोक दिसतं. मजा त्या धक्क्यात आहे. मला लिहायचं होतं खणण्याबद्दल.