शिलाई मशीनमध्ये खोबरेल ओतू नका

‘पडून असलेलं जुनं शिलाई मशीन पाच मिनिटांत नवं करा’ हा फॉरवर्ड आता मावशीपर्यंत पोचलाय आणि ती खोबरेलाची बाटली घेऊन बसलीसुद्धा होती. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

त्यात म्हटलंय, ‘तेलाच्या सगळ्या भोकांत खोबरेल किंवा गोडंतेल भरा, रात्रभर ठेवा.’ अजिबात नको! खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे थंडीत मशीन पुन्हा घट्ट. करडई, सूर्यफूल ही तेलं हवेने आधी चिकट होतात, मग वार्निशसारखी कडक बसतात. जाम झालेलं मशीन पुष्कळदा गंजलेलं नसतंच, अशाच वाळलेल्या तेलाने धरलेलं असतं. त्यावर आणखी तेच तेल ओतायचं?

‘रॉकेल सोडा’ हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागतं. सिंगरच्या जुन्या माहितीपुस्तिकांतच ते दिलंय: पडून राहून मशीन जड झालं तर तेल द्यायच्या जागांवर थोडं रॉकेल सोडा, मशीन भरभर चालवा, पुसा आणि मग तेल द्या. पुसणं आणि तेल देणं फॉरवर्डमधून गळलंय. रॉकेल मळ सोडवतं, वंगण देत नाही. नुसत्या रॉकेलवर चालवलं तर धातूवर धातू घासतो. मोटर असेल तर आधी उतरवा. सुई, दोरा, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) काढा. भोकागणिक रॉकेलचे दोन थेंब टाकून चाक हळूहळू पुढेमागे करा. अडलं तर जोर लावू नका. शटलच्या, म्हणजे सुईखाली टाका घालणाऱ्या भागाच्या, खोबणीत जुना दोरा गुंतलेला असतो, तो चिमट्याने ओढून काढा. सगळं पुसल्यावर मशीनचं पातळ तेल, तेही एक-दोन थेंबच.

चाक फिरतंय पण सुई हलत नाही? मशीन भंगारात काढू नका. चाकाच्या मधला मोठा स्क्रू आवळा. तरी पकडत नसेल तर त्यामागचा वॉशर अर्धा वळवून बसवा.

‘थिनर किंवा स्पिरिटने पुसा, चमकेल.’ जुन्या काळ्या मशीनच्या सोनेरी नक्षीवर बहुधा लाखेचा पातळ थर असतो. स्पिरिटने तो विरघळतो आणि नक्षीही जाते. मशीनच्याच तेलाचा कापूस एका कोपऱ्यावर फिरवून बघा. सोनेरी रंग कापसावर आला तर तिथेच थांबा.

‘सुईत लाल पारा असतो, किंमत लाखांत.’ लाल पारा हा काल्पनिक पदार्थ. ही अफवा २००९ मध्ये सौदी अरेबियात पसरली होती आणि लोकांनी खरंच अवाच्या सवा पैसे मोजले. मशीनमध्ये असला पारा नसतो.

‘जितकं जुनं तितकं मौल्यवान’ हेही खोटं. ही मशीनं लाखोंनी बनली. विकत घेताना वय राहू द्या. शटल, बॉबिन केस, सरकपट्टी (शटलवरचं सरकतं झाकण) जागेवर आहेत का ते बघा आणि सुई कोणती लागते ते विचारा. १५×१ या प्रकारची असेल तर आजची घरगुती सुई बसते. १२×१ लागणारं मशीन सुया हातात असल्याशिवाय घेऊ नका.