ब्लॉक १६२ : एका सविस्तर आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ब्लॉक एमबी १६२ या फ्रेंच बॉम्बफेकी विमानावरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली दीर्घ प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : या विमानाला मी ‘फ्रान्सचे चार इंजिनांचे पहिले बॉम्बफेकी विमान’ म्हटले, ते चूक आहे; ताशी ५५० किलोमीटर वेगाच्या आणि ३,६०० किलो बॉम्ब वाहणाऱ्या विमानाची मी ‘उशिरा जन्मलेले’ एवढ्या दोन शब्दांत बोळवण केली; आणि १९३६ साली डाव्या सरकारने विमान कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण केले नसते, तर अशी शेकडो विमाने जर्मनीवर चालून गेली असती व पॅरिस पडले नसते, ही गोष्ट मी जाणूनबुजून गाळली. सोबत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फ्रेंच रंगातील एमबी १६२ चे म्हणून एक छायाचित्रही आपण जोडले आहे.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि ही चूक किरकोळही नाही. फार्मान एफ २२० हे चार इंजिनांचे विमान मे १९३२ मध्येच उडाले होते. त्याचीच सुधारित आवृत्ती असलेली एफ २२२ विमाने युद्धापूर्वी फ्रेंच वायुदलात दाखल झाली होती व १९४० च्या मे-जूनमध्ये रात्रीच्या वेळी जर्मनीवर बॉम्ब टाकून येत होती. प्रत्येक पंखाखाली पाठीला पाठ लावलेली दोन इंजिने, एक ओढणारे आणि एक ढकलणारे, अशी त्यांची ओबडधोबड रचना होती. त्यामुळे आधुनिक विमानांच्या गणतीत मी त्यांना धरलेच नाही. मात्र ‘आधुनिक’ हा शब्द मनात ठेवून ‘पहिले’ असे लिहिले, हा सर्वस्वी माझाच दोष.

याच कुळातील एका विमानाचा उल्लेख मूळ लेखात असायला हवा होता. एअर फ्रान्ससाठी अटलांटिकपार टपाल नेण्याच्या हेतूने बांधलेली एफ २२३.४ जातीची तीन विमाने युद्ध सुरू झाल्यावर नौदलाने ताब्यात घेतली. त्यांपैकी ‘ज्यूल व्हेर्न’ या विमानाला काळा रंग फासून कॅप्टन दायिएर यांच्या पथकाने ७ जून १९४० च्या रात्री उत्तर समुद्र आणि बाल्टिकच्या वळशाने बर्लिन गाठले. अडीचशे किलोचे आठ बॉम्ब विमानातून सोडले गेले. दहा-दहा किलोचे आगलावे बॉम्ब मात्र सैनिकांनी दारातून हाताने बाहेर लोटले. ब्रिटिश विमाने बर्लिनवर पोहोचली, ती त्यानंतर अडीच महिन्यांनी, ऑगस्टच्या अखेरीस. धाडसाला तोड नाही. पण टपालाच्या विमानाच्या दारातून बॉम्ब लोटावे लागावेत, यावरून त्या देशाकडे खऱ्या अर्थाने लांब पल्ल्याचे बॉम्बफेकी दल किती होते हेही कळते.

आता मुख्य मुद्दा. एमबी १६२ चे पहिले उड्डाण १ जून १९४० रोजी झाले. त्या दिवशी डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैन्य माघारी नेण्याचे काम चालू होते, दोनच दिवसांनी जर्मन विमानांनी पॅरिस परिसरातील विमानतळांवर व कारखान्यांवर मोठा हल्ला चढवला, १४ जूनला पॅरिस गेले आणि २२ जूनला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. म्हणजे पहिल्या उड्डाणापासून शस्त्रसंधीपर्यंत या विमानाला मिळाले ते अवघे तीन आठवडे. एवढ्या अवधीत नव्या विमानाची धड चाचणीही होत नाही. म्हणूनच तक्त्यांमध्ये छापलेला ताशी ५५० किलोमीटरचा आकडा पूर्ण बॉम्बभार, तोफा आणि पाच जणांचे पथक घेऊन केलेल्या प्रत्यक्ष मोहिमेचा वेग म्हणून मी स्वीकारत नाही. अकराशे अश्वशक्तीच्या आसपासची चार इंजिने त्याला होती. जवळपास तेवढीच इंजिनशक्ती घेऊन सुरुवातीची ब्रिटिश हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमाने ताशी सव्वाचारशेच्या आसपास अडकत असत. ब्लॉकचे विमान हॅलिफॅक्सपेक्षा हलके आणि सडपातळ होते हे खरे, पण सव्वाशे किलोमीटरचा फरक नुसत्या सडपातळपणाने भरून निघतो यावर माझा विश्वास बसत नाही.

नमुना विमान उडाले म्हणजे बॉम्बफेकी दल उभे राहिले, असे आपण गृहीत धरले आहे, आणि आपल्या प्रतिक्रियेची सगळी इमारत त्या गृहीतकावर उभी आहे. ब्रिटनची उदाहरणे पाहा. शॉर्ट स्टर्लिंगचे नमुना विमान १४ मे १९३९ रोजी उडाले आणि त्याच उड्डाणाच्या शेवटी उतरताना चाके मोडून निकामी झाले. स्टर्लिंगची पहिली मोहीम निघायला फेब्रुवारी १९४१ उजाडला, म्हणजे एकवीस महिने लागले. हॅलिफॅक्स ऑक्टोबर १९३९ मध्ये उडाले व मार्च १९४१ मध्ये त्याने पहिला हल्ला केला. तो हल्ला फ्रान्सच्याच ल आव्र बंदरावर होता, हा काळाचा विनोद. ज्या देशाचे कारखाने चालू होते आणि ज्याच्या भूमीवर शत्रूचे रणगाडे नव्हते, त्या देशाला सर्वांत घाई केली तरी जवळपास सतरा महिने लागले. तोच हिशेब एमबी १६२ ला लावला, तर पहिली तुकडी नोव्हेंबर १९४१ मध्ये तयार होते.

यावर ‘मग ते आधी का बांधले नाही?’ असा प्रश्न आपण विचाराल आणि राष्ट्रीयीकरणाकडे बोट दाखवाल. राष्ट्रीयीकरणाचा कायदा ऑगस्ट १९३६ चा आहे. एमबी १६२ ज्या प्रवासी विमानातून निघाले ते एमबी १६० उडाले १९३७ मध्ये, आणि बॉम्बफेकी आवृत्तीचा आराखडा त्याच्याही नंतरचा. जे विमान कायद्यानंतर कागदावर आले, ते कायद्याने मारले असे म्हणता येत नाही. शिवाय या विमानांचे निर्माते मार्सेल ब्लॉक यांना कोणी घरी बसवले नव्हते. त्यांचे कारखाने ज्या सरकारी कंपनीत गेले तिचा कारभार त्यांच्याच हाती होता आणि आराखड्यांचे खासगी कार्यालयही त्यांनी चालू ठेवले होते. (हेच ब्लॉक युद्धानंतर दासो झाले, भारतीय वायुदलाचे ‘तूफानी’ हे लढाऊ विमान त्यांचेच, आणि नागपूरच्या मिहानमधील कारखान्यावर आज जे नाव दिसते तेही त्यांचेच.)

राष्ट्रीयीकरणाच्या काळात संप झाले, कारखान्यांची फेररचना झाली, उत्पादन रेंगाळले, हे मी नाकारत नाही. पण खरा घोळ त्याआधीचा आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच वायुदलाला एकाच विमानाकडून बॉम्बफेक, हवाई लढत आणि टेहळणी अशी तिन्ही कामे हवी होती. त्या हट्टातून पोतेझ ५४० सारखी विमाने निघाली, जी तिन्ही कामांत बेताची होती. ब्लॉक यांचे स्वतःचे एमबी १३१ ही त्याच वळणाचे. हे खूळ उतरेपर्यंत जर्मन वायुदल इतके पुढे गेले होते, की मार्च १९३८ मध्ये हवाईमंत्री ला शांब्र आणि वायुदलाचे सेनापती व्हुइमँ यांनी आखलेल्या विमान-उभारणीच्या पाचव्या योजनेत लढाऊ विमानांना अग्रक्रम द्यावा लागला. मला तो निर्णय योग्यच वाटतो. पण ती लढाऊ विमाने तरी वेळेवर मिळाली का? युद्धाच्या आरंभी एमबी १५१ आणि १५२ ही विमाने कारखान्यातून बाहेर पडत होती आणि त्यांतली कितीतरी प्रोपेलर व नेमसाधन नसल्यामुळे जमिनीवर उभी होती. जिथे एका इंजिनाच्या विमानाला एक प्रोपेलर वेळेत मिळत नव्हता, तिथे चार-चार प्रोपेलरांची शेकडो विमाने कुठून येणार होती?

आणि ती आली असती, तरी ती वापरली गेली असती का, हा प्रश्न उरतोच. ११ जून १९४० च्या रात्री दक्षिण फ्रान्समधील सालाँ येथून ब्रिटिश वेलिंग्टन विमाने इटलीवर निघाली, तेव्हा धावपट्टीवर मालमोटारी आडव्या घालून फ्रेंचांनीच त्यांना रोखले. कारण मार्सेय आणि ल्याँ या शहरांवर सूड उगवला जाईल अशी धास्ती होती.

राहता राहिले छायाचित्र. ते एमबी १६२ चे नाही. त्याच्या धडावरील खिडक्यांची रांग पाहा. बॉम्बफेकी विमानाला एवढ्या खिडक्या कशाला लागतील? ते एसई १६१ लांगदोक, म्हणजे त्याच एमबी १६० च्या घराण्यातील प्रवासी विमान आहे. चार इंजिने आणि दुहेरी शेपूट यांमुळे फसगत होणे साहजिक आहे. कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले लांगदोक सप्टेंबर १९४५ मध्ये उडाले आणि त्याची शंभर विमाने बांधली गेली. एमबी १६२ मात्र एकच होते. ते जर्मनांच्या हाती लागले आणि त्यांच्या गुप्त मोहिमा करणाऱ्या केजी २०० या दलात त्याची कारकीर्द संपली, त्यामुळे युद्धोत्तर फ्रेंच रंगातील त्याचे छायाचित्र असणे शक्य नाही.

मूळ लेखातील ‘पहिले’ हा शब्द मी आज काढला आहे, आणि फार्मान विमानांविषयी एक परिच्छेद आपल्या आक्षेपाचा उल्लेख करून जोडला आहे. ‘उशिरा जन्मलेले’ हे शब्द मात्र तसेच ठेवले आहेत.