पांढऱ्या गच्चीला विरोध कशासाठी?

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या प्राथमिक शाळेच्या स्लॅबवर उन्हाळ्याआधी ऊन परतवणारा पांढरा रंग मारावा, अशी सूचना कुणीतरी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केली. खर्च किती, हे विचारायच्या आधीच उत्तरं सुरू झाली. 'हे वाळवंटातलं खूळ आहे.' 'आपल्याकडे माड आहेत, कुळागरं आहेत, समुद्राचा वारा आहे.' 'कौलं होती तेव्हा पंखासुद्धा लागत नव्हता, कौलं परत आणा.' मी सूचनेच्या बाजूने दोन ओळी लिहिल्या, तर एका जुन्या वर्गमित्राचं उत्तर आलं: 'तू एसीत बसून आम्हाला घाम शिकवू नकोस.'

कौलांचं सुख मला माहीत आहे. मी मंगळुरी कौलांखाली वाढलो. छप्पर उंच, तापलेली हवा फटींतून वर निघून जायची, खाली शेणाने सारवलेली जमीन. पण दर वर्षी मिरगाच्या आधी घर शाकारायला माणूस मिळेनासा झाला, माकडं कौलं फोडू लागली, वाशांना वाळवी लागली. शेवटी आम्ही स्लॅब घातला, माझ्या दुबईतल्या पगारातून. ग्रुपवर कौलांचे गोडवे गाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोक्यावर आज स्लॅबच आहे. ते स्वतःचा स्लॅब पाडून वासे चढवणार आहेत का? नसतील, तर डोक्यावर जे आहे ते थंड कसं ठेवायचं यावर बोला.

काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि अंधार पडल्यावर ते खाली सोडू लागतं. रात्री दहाला आमच्या माडीवरच्या खोलीत खुर्चीवर चढून छताला हात लावा, ऊब लागते. पंखा तीच ऊब अंगावर ढकलतो. मे महिन्यात आई माडी सोडून ओसरीवर चटई टाकते. आणि समुद्राचा वारा किनाऱ्यावर असतो. आमच्या डोंगराच्या कुशीत मेमध्ये पान हलत नाही. पारा तेहतीस-चौतीसच्या फार वर जात नाही म्हणून गोव्यात उष्णता नाही, असं म्हणणाऱ्यांनी दमटपणा धरलेलाच नसतो. घामच सुकला नाही तर अंग निवणार कसं? मार्च 2023 मध्ये उष्णतेमुळे गोव्यातल्या शाळा दोन दिवस दुपारी बाराच्या आत सोडाव्या लागल्या होत्या, हे वर्षा-दोन वर्षांत विसरलं जातं.

मी दुबईत, करामा नावाच्या वस्तीत राहतो. इथे 2014 पासून प्रत्येक नव्या इमारतीला हरित बांधकामाचे नियम बंधनकारक आहेत आणि छताने ऊन किती परतवायचं, हे त्यात आकड्यात लिहिलेलं आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद. उन्हाळ्यात आम्ही गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी थंड म्हणून घेतो, कारण टाकीतून थेट येणारं पाणी हात भाजतं. ऊन आहे की नाही, यावर इथे कुणी वाद घालत बसत नाही.

वाळवंटाचं उदाहरण नको असेल तर अहमदाबाद घ्या. 2010 च्या जीवघेण्या लाटेनंतर तिथल्या महापालिकेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि 2017 पासून वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग द्यायला सुरुवात केली. अशा छपराखाली खोली दोन ते पाच अंशांनी थंड राहते. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. आणि पांढरा रंग आपल्याला परका वाटत असेल, तर मंगेशीची दीपमाळ उन्हात उभी आहे, ती बघून या.

खरा आक्षेप पावसाचा आहे, आणि तो ग्रुपवर एकानेही घेतला नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे नुसता चुना टिकणार नाही, आणि चांगल्या रंगावरही शेवाळ धरून तो काळा पडेल. काळा पडला की ऊन परतणं कमी होतं. म्हणून पाऊस संपल्यावर गच्ची घासून धुवायलाच हवी. थोडा जास्त खर्च झेपत असेल तर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझेक करावं; ते पाणीही अडवतं. गळती नको म्हणून स्लॅबवर पत्रे घालणाऱ्यांचंही चूक नाही, सावली मिळतेच. फक्त कौलासारखा दिसावा म्हणून तांबडा पत्रा घेण्याऐवजी पांढरा घ्या. दुकानदार त्याच भावात देईल का, एवढं तरी विचारा.

वर्गमित्राचं ते वाक्य मात्र मनातून जात नाही. ज्या इमारतीत मी राहतो तिच्या गच्चीवर मी कधी गेलेलो नाही. दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकडे. ज्या पांढऱ्या गच्च्यांचं मी कौतुक सांगतो, त्या ऑफिसच्या खिडकीतून दिसतात तेवढ्याच. इजारीचं, म्हणजे इथल्या नोंदणीकृत भाडेकराराचं, नूतनीकरण झालं नाही तर हे घर माझं नाही, नोकरी गेली तर हे शहरही नाही. माझा शब्द चालावा असं वाटणारं छप्पर जगात एकाच गावात आहे. त्या गावाला देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी हवी असते, चवथीचे पैसे हवे असतात, तेव्हा मी तिथला असतो. शाळेच्या गच्चीबद्दल बोललो की दुबईचा होतो. हे मला लागतं, आणि लागतं म्हणूनच मी गप्प बसणार नाही.

रंगाचा खर्च मी देईन, असं ग्रुपवर लिहिलं आहे. अट एकच. नोव्हेंबरात स्लॅब कोरडा झाला की निम्म्या गच्चीवर, म्हणजे चौथीच्या वर्गावर, रंग मारायचा आणि तिसरीचा वर्ग तसाच ठेवायचा. मार्चमध्ये दुपारी बारा वाजता दोन्ही वर्गांत थर्मामीटर लावायचा. आकडे त्या वर्गमित्रानेच घ्यावेत. त्याचा मुलगा त्याच शाळेत तिसरीत आहे.